सध्याचे भाडेकरू

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे उजेडभाऊ म्हणतात. खरं नाव पगाराच्या पावतीवर असतं आणि तिथेच राहतं. भाड्याचं घर बघायला आलेल्या माणसाला दारातून आत घेतलं की ते पहिलं वाक्य बोलतात, "आधी उजेड बघा, बाकीचं नंतर." सतरा वर्षं हेच वाक्य. मग संध्याकाळी ते परत आले की कोणीतरी विचारतंच, "काय भाऊ, आज काय उजेड पाडलात?" भाऊ हसतात. चिडलेलं मी त्यांना एकदाच पाहिलंय, तेही कुणीतरी नुकत्याच रंगवलेल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये भिंतीला सायकल टेकवली म्हणून.

मी त्याच ऑफिसात दाराजवळच्या टेबलावर बसते. करारनामे टाइप करणं, किल्ल्या नंबरानुसार फळीवर अडकवणं, फोन घेणं आणि साहेब येईपर्यंत गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून ठेवणं ही माझी कामं. शेवटचं काम मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं घरचे म्हणतात, आणि घरचे नऊ जण आहेत, म्हणजे नऊ साक्षीदार झाले. आमच्याकडे सकाळी आंघोळीला रांग असते. एकटं राहणारा माणूस म्हणजे सुखी माणूस, अशी माझी अगदी अलीकडेपर्यंत समजूत होती.

भाऊंची काम करायची एक पद्धत आहे. अकराला घर दाखवायचं असेल तर हे दहाला तिथे हजर. सगळ्या खिडक्या उघडायच्या. स्वतःच्या पिशवीतलं फडकं काढून खिडक्यांच्या कडा पुसायच्या. नळ दोन मिनिटं सोडून ठेवायचे, म्हणजे पहिलं गढूळ पाणी निघून जातं. माणसं आली की आपण दाराबाहेर थांबून त्यांना आधी आत जाऊ द्यायचं, कारण घरात पहिलं पाऊल त्यांचं पडलं पाहिजे. आणि आत गेल्यावर उजेड दाखवून झाला की लगेच दोष सांगायचे. या कपाटाचं दार लागत नाही, त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, समोरच्या शाळेत मधल्या सुट्टीत दंगा असतो. नवीन आलेले एजंट डोक्याला हात लावायचे. भाऊ म्हणायचे, "दोष आपण सांगितला की तो लहान होतो. त्यांनी शोधला की मोठा होतो." आणि ऑफिसात सगळ्यात जास्त करार त्यांचेच व्हायचे.

आमचं शहर पूर्वी असं नव्हतं. ना धड मोठं, ना धड छोटं. लोक नोकरीला यायचे आणि नोकरी संपली की परत जायचे. मग कुठल्याशा मासिकात 'राहायला उत्तम मध्यम शहरं' अशी यादी आली आणि त्यात आमचा नंबर लागला. झालं. दोन वर्षांत लॅपटॉप पाठीला लावलेली पोरं बसमधून उतरायला लागली. जुनी गोदामं पाडायची सोडून लोक त्यांना पांढरा रंग देऊ लागले. आता कॉफीच्या दुकानात आधी तुमचं नाव विचारतात आणि ते चुकीचं लिहून कपावर देतात. मला या सगळ्याचा राग येतो हे मी लपवत नाही, जरी माझा पगार त्यातूनच येतो.

भाऊ या शहरात बाविसाव्या वर्षी आले ते काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात. चौदा वर्षं तिथे पॅकिंगला होते. कारखाना बंद पडला तसे आमच्याकडे आले. मधे लग्न झालं, ते नऊ वर्षं टिकलं. बायकोला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली. आधी ती दर आठवड्याला यायची, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, आणि एक दिवस तिच्याऐवजी कागद आले. "भांडलो असतो तर निदान शेजाऱ्यांना तरी कळलं असतं," असं भाऊ मला एकदा म्हणाले होते. मूलबाळ नाही. एक मोठी बहीण चार तासांच्या अंतरावर असते. तिचे गुडघे गेलेत, म्हणून हेच वर्षातून दोनदा तिच्याकडे जातात. दर रविवारी तिचा फोन येतो. बाकीच्या रविवारचं काय करता असं विचारलं तर म्हणाले, "फिरतो. कुठे कुठे पाट्या लागल्यात बघतो." म्हणजे सुट्टीच्या दिवशीही हा माणूस 'भाड्याने देणे' वाचत हिंडतो.

कागद आले त्या वर्षी त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. त्याला आता अकरा वर्षं झाली. मालकीण निवृत्त शिक्षिका होती. ती भाडं वाढवायचं विसरायची, की विसरल्यासारखं करायची, देव जाणे. "खिळा मारायच्या आधी विचारणारा भाडेकरू मला परत मिळायचा नाही," असं ती आमच्या साहेबांना सांगायची. गेल्या हिवाळ्यात ती वारली आणि फ्लॅट पुतण्याकडे गेला. पुतण्या लांब राहतो. त्याने फ्लॅट कधी पाहिलेलाही नाही.

त्या पुतण्याचं पत्र आमच्याच ऑफिसला आलं. पत्र साधं आणि सरळ होतं. शहरातली भाडी कुठे गेलीत ते त्याला कळलं होतं. आम्ही फ्लॅट नव्या भाड्याने महिनाभर लोकांना दाखवायचा. कुणी तयार झालं तर सध्याच्या भाडेकरूने दोन महिन्यांत जागा सोडायची. महिन्यात कुणीच तयार झालं नाही, तर आहे त्याच भाड्यात त्याचा तीन वर्षांचा नवा करार करायचा, कारण जागा रिकामी ठेवण्यात त्याला रस नव्हता. प्रत्येक भेटीचा अहवाल पाठवायचा आणि त्यावर आमच्या दोन माणसांच्या सह्या हव्यात.

नवं भाडं भाऊंच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्या भागातलं कुठलंच भाडं आता त्यांच्या आवाक्यात नव्हतं. जागा गेली तर शहराबाहेर, बसचा शेवटचा थांबा जिथे असतो तिथे, खोली शोधायची. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. इतरांना हेच समजावण्यात त्यांची सतरा वर्षं गेली होती.

आमच्याकडे रस्ते वाटून दिलेले असतात, आणि तो रस्ता भाऊंचा. साहेबांनी दार लावून घेतलं आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"घर तुम्हीच दाखवायचं, भाऊ," साहेब म्हणाले. "पण नियम तो नियम. राहणारा माणूस कोण, हे बघायला आलेल्यांना सांगायचं नाही."

हा नियम जुना आहे. पूर्वी एका भाडेकरूने बघायला आलेल्यांसमोर डोळ्यांत पाणी आणलं आणि तीन करार ओळीने मोडले. तेव्हापासून आमच्या तोंडी एकच शब्द, 'सध्याचे भाडेकरू'. त्यांचं नाव नाही, गाव नाही, ते का जातायत तेही नाही.

"म्हणजे मी माझ्याच घरात एजंट," भाऊ म्हणाले.

"हो. आणि ताई दुसऱ्या सहीला येतील." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी काही बोललो नाही. पण घर बघून लोकांना आवडलं नाही, तर त्याला एजंट काय करणार? आणि ताईंना हल्ली जरा कमीच दिसतं. काय ताई?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय," मी म्हटलं. साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत.

बाहेर आल्यावर मी भाऊंना कामाला लावलं. खिडक्या बंद ठेवा. पडदे ओढून घ्या. दिवे लावू नका. नळ सोडू नका, गढूळ पाणी येऊ दे की. उजेडाचा उल्लेख करायचा नाही. "आणि बोलायचं तर नुसते दोष बोला," मी म्हटलं.

"ते तर मी नेहमीच बोलतो," भाऊ म्हणाले.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी माझ्याच हुशारीवर खूश होते.

पहिलं गिऱ्हाईक तिसऱ्या आठवड्यात आलं. त्या दिवशी मी ते तीन जिने पहिल्यांदा चढले. सतरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भिंती रंगवल्या तेव्हा म्हणाले होते, "या कधीतरी बघायला." मी "येते की" म्हटलं होतं. मग पोरांच्या परीक्षा, सासूबाईंचं ऑपरेशन, नणंदेचं काहीतरी. कारणं खोटी नव्हती. जिना चढताना ती सगळी आठवली आणि दम लागला तो नुसता जिन्याने नव्हे.

घर अंधारात बसलं होतं. भाऊंनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. तरी ते घर नीटनेटकं आहे हे अंधारातही कळत होतं. गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण गृहस्थ, कानात यंत्र, आणि त्या यंत्रातून कुणाशी तरी बोलणं चालू. भाऊंनी दोष सांगायला सुरुवात केली, तर त्याने बोट वर करून त्यांना थांबवलं आणि यंत्रातल्या माणसाला काहीतरी तारीख दिली. दोन्ही खोल्यांत डोकावला, स्वयंपाकघराचा फोटो काढला, "लिफ्ट नाही?" असं विचारलं आणि चार मिनिटांत खाली उतरला. संध्याकाळी त्याचा नकार आला. मी टेबलावर टाळी वाजवली. अहवालावर दोन सह्या झाल्या.

भाऊंचा चेहरा मात्र पडलेला होता. "काय झालं आता? सुटलात की," मी म्हटलं.

"सुटलो, सुटलो," ते म्हणाले. "पण त्याने काहीच बघितलं नाही हो."

मी म्हटलं, याला म्हणावं तरी काय. जित्याची खोड.

महिना संपायला चार दिवस होते. साहेबांनी मला नवा करार टाइप करून तयार ठेवायलाही सांगितलं होतं. आणि गुरुवारी ऑफिस उघडताच एका मुलीचा फोन आला. ती लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, तिचा जोडीदार घरूनच काम करतो, आणि ते दोघे आजच तो फ्लॅट बघायला येऊ शकतात का? नाही म्हणायची सोय नव्हती.

त्याच सकाळी अकराला आम्ही चौघं तिसऱ्या मजल्यावर. पडदे ओढलेले, दिवे बंद. मुलगी तिशीच्या आतली, बोटांना शाई लागलेली. तिच्याबरोबरचा तो उंच आणि अबोल. भाऊंनी सवयीने त्यांना आधी आत जाऊ दिलं. मी मागून त्यांच्या कोटाची बाही ओढली, पण पाऊल पडून गेलं होतं.

मग भाऊंनी दोष सांगितले. तीन जिने, लिफ्ट नाही. पहाटे साडेपाचला कचऱ्याची गाडी येते आणि अगदी या खिडकीखाली थांबते. आतली खोली थंडीत फार गारठते. मोरीचा नळ रात्री ठिबकतो, त्याखाली फडकं ठेवावं लागतं. घसा खाकरून ते थांबले. मला वाटलं, वा भाऊ.

मुलगी हसली. "दोन महिन्यांत आम्ही एकवीस घरं बघितली," ती म्हणाली. "खरं बोलणारे तुम्ही पहिले."

आणि ती सरळ खिडकीकडे गेली, पडदा सारला आणि खिडकीच्या लाकडी दारांची कडी ओढायला लागली. कडी जुनी. ती उलटी ओढत होती.

"थांबा, थांबा," भाऊ पुढे झाले. "तशी नाही, तुटेल ती. आधी खालून थोडं उचलायचं. मग आपोआप येते."

खिडकी उघडली. खोलीत ऊन आलं, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. भिंतीवर छतापर्यंत लाकडी फळ्या होत्या आणि फळ्यांवर रंगीत काचेच्या बाटल्या. हिरव्या, निळ्या, काही चहाच्या रंगाच्या. सगळ्या चमकल्या. मी त्या मागच्या भेटीत अंधारात पाहिल्याच नव्हत्या. खिडकीतून खाली कारखान्याची शेड दिसत होती, जिथे भाऊंनी चौदा वर्षं बाटल्या खोक्यांत भरल्या. तिथे आता कॉफीचं दुकान आहे आणि पोरं लॅपटॉप उघडून बसलेली असतात.

"हे फळ्यांचं काम कुणी केलं?" मुलीने विचारलं.

भाऊंनी एका फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सध्याच्या भाडेकरूंनी."

"विकत आणलेलं नाही?"

"नाही, नाही. त्या समोरच्या कारखान्याची खोकी आहेत. बाटल्या भरायची. कारखाना मोडला तेव्हा फेकून देत होते. हे बघा, या कडेला शिक्का दिसतो अजून." त्यांनी बोटाने शिक्का दाखवला. "तीन हिवाळे लागले करायला."

मी खोकले. चांगली दोनदा खोकले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही.

त्यानंतर मी नुसती मागे मागे फिरत होते. स्वयंपाकघरात फरशीवर ऊन नेमकं किती वाजता कुठे येतं, ते त्यांनी सांगितलं. कणीक मळायची असो की कागद पसरायचे असोत, अकरा ते साडेबारा इथे बसावं. गारठणाऱ्या खोलीच्या दाराखाली लावायला त्यांनी जाड कापडाची गुंडाळी शिवली होती, ती दाखवली. ठिबकणारा नळ अर्धा फेरा उलट फिरवला की थांबतो, हेही सांगितलं. म्हणजे जो दोष पाच मिनिटांपूर्वी सांगितला, त्याचं औषधही देऊन टाकलं.

"आणि खालचे गृहस्थ सकाळी आठला भांडी घासताना शिट्टी वाजवतात," भाऊ म्हणाले. "त्रास नाही हं. सुरात असते. एखाद्या दिवशी वाजली नाही तर सध्याच्या भाडेकरूंना चुकल्या चुकल्यासारखं होतं."

"ओळख आहे त्यांची?"

"नाही. जिन्यात मान हलवतात एकमेकांना. बोलणं असं नाही."

मुलगी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. घरात तेवढी एकच खुर्ची होती. तिच्याबरोबरचा तो इतका वेळ काही बोलला नव्हता, तो एकेक बाटली उचलून उजेडात धरून बघत होता आणि जागच्या जागी परत ठेवत होता. भाऊ त्याच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी सतरा वर्षांत तसा पाहिला नव्हता. पोराचं कौतुक चाललेलं असताना बाप दाराआड उभा राहून ऐकतो, तसा.

"किती वर्षं आहेत ते इथे?" मुलीने विचारलं.

"अकरा."

"एकटेच?"

"हो. एकटेच असतात."

"मग इतकं सगळं कुणासाठी करत होते?"

भाऊंनी फडकं काढलं आणि खिडकीची कड पुसायला लागले. "सवय असते एकेकाला," ते म्हणाले.

"फार छान माणूस असणार," ती म्हणाली. "भेटायला आवडलं असतं मला."

"माणूस तसा ठीक आहे," भाऊ म्हणाले.

इथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. 'अहो, हेच ते, आणि तुम्ही हो म्हटलंत तर यांना घर सोडावं लागेल.' ती मुलगी तशीच उठून गेली असती, मला आजही खात्री आहे. साहेब ओरडले असते, एखादा महिना बोलले नसते, त्यापलीकडे काही नाही. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नियमाची भीती नव्हती. भाऊ इतके खूश दिसत होते की त्यांना मधेच थांबवणं मला जमलं नाही.

"पण मग जातायत का ते?" त्या अबोल जोडीदाराने अचानक विचारलं.

"त्यांना..." भाऊंनी फडक्याची घडी घातली. "त्यांना एकट्याला आता दोन खोल्या जास्त होतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आनंदाने जातायत."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "आम्हाला हवंय. आजच सांगून टाकतो."

ती दोघं जिना उतरून गेल्यावर मी दार लावलं आणि भाऊंवर तुटून पडले.

"काय केलंत हे? कुणी आपल्या हाताने आपल्या पायावर एवढा धोंडा पाडून घेतो का? चार दिवस राहिले होते, चार! करार टाइप करून ठेवलाय मी तुमचा! नळ अर्धा फेरा उलट फिरवायचा म्हणे! कुणी विचारलं होतं?"

भाऊ त्या खुर्चीकडे बघत होते.

"ती बसली तिथे," ते म्हणाले.

"मग? बसायलाच असते खुर्ची."

"तसं नाही, ताई. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं मी आज पाहिलं. पहिल्यांदाच." ते भिंतीला टेकून उभे राहिले. "इथे मीटरवाला येतो. नळवाला दोनदा आला. एक बाई आली होती किती माणसं राहतात ते लिहून घ्यायला, तिने दारातच विचारलं, एकच ना? आणि गेली. बहिणीला जिने चढवत नाहीत. आज तिने विचारलं, हे कुणी केलं. मग मला थांबता आलं नाही हो. मी ठरवलं होतं थांबायचं. खरंच ठरवलं होतं."

मला वाटलं होतं, धंद्याची सवय नडली. तसं काहीच नव्हतं. त्या माणसाकडे अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहुणे आले होते आणि त्याने त्यांना आपलं घर दाखवलं, एवढंच झालं होतं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

"मी फोन करते तिला," मी म्हटलं. "सांगते सगळं. चांगली मुलगी आहे, ती नाही म्हणेल."

"म्हणूनच सांगायचं नाही," भाऊ म्हणाले. "एकवीस घरं बघितलीत त्यांनी. हे आवडलंय. आणि त्यांना कळलं, तर राहतील का इथे ते कधी सुखाने? दुसरं कुठलं घर घेतलं तरी आठवत राहील. नको, ताई."

"मग मी अहवालावर सही करणार नाही. बघू काय करतो तो पुतण्या."

त्यावर भाऊंनी खिडकी लावून घेतली आणि पडदा ओढला. आम्ही खाली उतरलो तेव्हा जिन्यात तो शिट्टीवाला भेटला. भाऊंनी मान हलवली, त्यानेही हलवली.

अहवाल माझ्या खणात पडून राहिला. त्यावर भाऊंची सही होती, माझी जागा कोरी. शुक्रवारी सकाळी साहेबांनी विचारलं, मी म्हटलं बघते. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. माझी सही नसती तर काय झालं असतं, याचा मी खूप विचार केला. महिना उलटला असता, पुतण्याने पत्रावर पत्र पाठवलं असतं, पंधरा दिवस, फार तर महिना निभावला असता. पण मनात कुठेतरी एक आशा होती की तेवढ्या वेळात भाऊंचं मन बदलेल आणि ते स्वतःच येऊन म्हणतील, ताई, करा तो फोन.

ते आले. शुक्रवारी दुपारी, बाकीचे जेवायला बाहेर गेले होते तेव्हा. माझ्या टेबलासमोर उभे राहिले. हातात घडी घातलेलं ते फडकं होतं, ते उगाचच या हातातून त्या हातात करत होते.

"ताई, एक विचारायचं होतं."

"विचारा ना," मी म्हटलं, आणि दुसऱ्या हाताने फोन जवळ ओढला.

"त्या मुलीचा निरोप आलाय. उद्या परत यायचंय त्यांना, पडद्यांची मापं घ्यायला. बरोबर तिची आई पण येतेय. म्हणजे तिघं झाले. मी तिथे असणार एजंट म्हणून. तर एजंटने चहा विचारला तर बरं दिसतं का?"

"आपण नाही विचारत कधी," मी म्हटलं. फोनवरचा हात मी काढून घेतला.

"हो, तेच. मग सध्याच्या भाडेकरूंनी चहा-साखर काढून ठेवलीय असं सांगितलं तर?"

"तसं चालेल."

"चालेल ना?" त्यांचा चेहरा उजळला. "दूध मी सकाळी आणून ठेवतो. आई वयस्कर असतील, तीन जिने चढून येणार, त्यांना खुर्ची देऊ. बाकीचे खिडकीच्या कट्ट्यावर बसतील, तो रुंद आहे. फक्त कप नाहीत हो. माझ्याकडे एकच आहे. कुठे चांगले मिळतात?"

मी खण उघडला, अहवाल काढला आणि माझ्या कोऱ्या जागेवर सही केली. त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "चौकातल्या भांड्यांच्या दुकानात मिळतील. पण तिथे सुटे देत नाहीत. सहाचा सेट घ्यावा लागेल."

"सहा?" भाऊ म्हणाले. ते खरोखरच विचारात पडले होते. "ताई, एवढी माणसं मी कुठून आणू?"